जो प्रश्न पोलिसाने विचारायचा नव्हता

२७ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पोलीस दलात एक अंतर्गत आदेश निघाला : विशेष आदेश क्रमांक ४०. त्याचा गाभा थोडक्यात सांगता येतो. समोरची व्यक्ती देशात कायदेशीरपणे राहते की बेकायदा, एवढेच शोधून काढण्याच्या हेतूने पोलिसाने कोणतीही कारवाई सुरू करू नये; आणि चोरून सीमा ओलांडली या एवढ्याच गुन्ह्यासाठी कोणाला अटक करू नये.

असा आदेश एखाद्या मवाळ, कनवाळू अधिकाऱ्याने काढला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो काढला होता पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी. हे तेच गेट्स, ज्यांनी साठच्या दशकात ‘स्वॉट’ या सशस्त्र पथकाची कल्पना रुजवली, ज्यांच्या कारकिर्दीत टोळ्यांविरुद्धच्या मोहिमांत हजारो तरुणांची सरसकट धरपकड झाली, आणि हौसेखातर अमली पदार्थ घेणाऱ्यांना गोळ्या घालाव्यात असे ज्यांनी १९९० मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले. रॉडनी किंग प्रकरण आणि त्यानंतरची १९९२ ची दंगल यांनी त्यांची कारकीर्द संपवली. दयाळूपणाचा आरोप त्यांच्यावर त्यांच्या शत्रूंनीही कधी केला नाही.

मग हा आदेश आला कोठून? त्याचे उत्तर पोलिसी व्यवहारात आहे. त्या शहरात लाखो माणसे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली. त्यांपैकी अनेकांपाशी कागदपत्रे नव्हती, आणि ज्यांच्यापाशी होती त्यांच्या घरात निदान एकाजवळ तरी ती नसत. अशा वस्तीत दरोडा पडला, बलात्कार झाला, खून झाला, तर पाहणारे कोण? हीच माणसे. पोलिसाच्या गणवेशात त्यांना देशाबाहेर घालवणारा अधिकारी दिसू लागला, तर ती तक्रार घेऊन येणार नाहीत, साक्ष तर दूरच. गुन्हेगाराला अशा वस्तीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

या भीतीला त्या शहरात जुने मूळ होते. २६ फेब्रुवारी १९३१ च्या दुपारी, ओल्वेरा स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या ‘ला प्लासिता’ या चौकात सुमारे ४०० माणसे उन्हात बसली होती. केंद्राच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्यांनी स्थानिक पोलिसांच्या मदतीने चौकाच्या वाटा रोखल्या आणि तासाहून अधिक वेळ एकेकाकडे कागदपत्रे मागितली. ताब्यात घेतलेल्यांची संख्या दोन डझनांच्याही आत राहिली. पण धाडीचा उद्देश संख्या हा नव्हताच. मंदीचे दिवस होते. बेकारी निवारणाच्या स्थानिक समितीला मेक्सिकन लोकांनी घाबरून आपण होऊन निघून जावे असे वाटत होते, आणि त्यासाठी धाडींची वृत्तपत्रांतून आधीच जाहिरात करण्यात आली होती. त्या दशकात लाखो माणसे मेक्सिकोला गेली किंवा धाडली गेली. त्यांतील फार मोठा हिस्सा अमेरिकेतच जन्मलेल्या, म्हणजे कायद्याने पूर्ण अमेरिकन असलेल्या नागरिकांचा होता. कॅलिफोर्निया राज्याने त्याबद्दल अधिकृत क्षमायाचना केली ती २००५ साली.

येथे कायद्याची एक गाठ सोडवणे भाग आहे. अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, पण पोलीस शहराचे. त्यांचा पगार शहर देते आणि त्यांचा प्रमुख शहराला उत्तरदायी असतो. केंद्राने आपले काम स्थानिक अधिकाऱ्यांवर सक्तीने लादू नये, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात (तो बंदुकांच्या विक्रीसंबंधी होता) ठामपणे मांडले. शिवाय चोरून सीमा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा असला, तरी परवान्याची मुदत संपल्यावर नुसते राहून जाणे हे दिवाणी उल्लंघन मानले जाते. त्यासाठी गस्तीवरच्या पोलिसाला अटकेचा सर्वसाधारण अधिकारच नाही. भारतीय वाचकाला हे विचित्र वाटेल. आपल्याकडेही पोलीस हा राज्याचा विषय आणि परकीय नागरिक हा केंद्राचा. परंतु राज्यघटनेच्या कलम २५८ चा आधार घेऊन केंद्राने परकीयांसंबंधीचे आपले अधिकार राज्यांकडे सोपवले, आणि त्यामुळे चोर पकडणारा आणि परकीय हुडकणारा पोलीस सहसा एकच असतो.

क्रमांक ४० हा ‘अभय’ देणारा आदेश होता, असे त्याचे चाहते आणि टीकाकार दोघेही मानत आले. दोघांनीही तो नीट वाचलेला नसावा. गंभीर गुन्ह्यात पकडलेल्या परकीयाची माहिती इमिग्रेशन खात्याला कळवण्याची तरतूद त्यातच होती. बंदी होती ती रस्त्यावर चेहरा पाहून प्रश्न विचारण्यावर.

आदेश मोडला की काय होते, हे त्याच दलाने दाखवून दिले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रॅम्पार्ट विभागातील टोळीविरोधी पथकाचा भ्रष्टाचार उघडकीस आला. त्या चौकशीच्या काळात आणखी एक आरोप पुढे आला : या पथकातील पोलिसांनी आदेश डावलून इमिग्रेशन खात्याशी संधान बांधले होते, आणि देशाबाहेर पाठवल्या गेलेल्यांत पोलिसांच्याच गैरकृत्यांचे साक्षीदारही होते. गेट्स यांना आपला साक्षीदार गमवायचा नव्हता; या मंडळींना तो नेमका गमवायचाच होता.

दुसऱ्या बाजूचे दुःख मात्र खोटे ठरवता येत नाही. २००८ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसमध्ये सतरा वर्षांच्या एका शाळकरी फुटबॉलपटूचा गोळी घालून खून झाला. मारेकरी टोळीतला, देशात बेकायदा राहणारा, आणि आदल्याच दिवशी तुरुंगातून सुटलेला. सुटताना त्याच्या कागदपत्रांची चौकशी कोणी केली असती तर, हा त्या आईबापांचा प्रश्न होता, आणि आकडेवारीने त्याचे समाधान होत नसते. आदेश बदलण्याची चळवळ त्यातून उभी राहिली. तो ज्या तुरुंगातून सुटला तो शहर पोलिसांचा नव्हे, काउंटीचा होता, हा तपशील त्या गदारोळात मागे पडला. पुढच्याच वर्षी राज्याच्या अपील न्यायालयाने, एका वेगळ्या खटल्यात, आदेश कायदेशीर असल्याचा निर्णय दिला.

शेजारच्या ॲरिझोना राज्याने उलटी वाट धरली होती. १९९७ च्या जुलैमध्ये फीनिक्सजवळच्या चँडलर शहरात स्थानिक पोलीस आणि सीमा गस्ती दल यांनी मिळून पाच दिवस मोहीम चालवली. ४३२ जणांना पकडून देशाबाहेर पाठवण्यात आले. पण वाटेत अडवल्या गेलेल्यांत मेक्सिकन वळणाच्या चेहऱ्याचे अमेरिकन नागरिकही होते. दुकानातून बाहेर पडताना त्यांना आपल्याच देशात जन्माचा पुरावा मागण्यात आला. पुढे शहराने ४,००,००० डॉलर देऊन दावा मिटवला.

त्याआधीच्या वर्षी, १९९६ मध्ये, स्थानिक पोलिसांना करार करून इमिग्रेशन अधिकाऱ्यांचे अधिकार देण्याची सोय केंद्रीय कायद्यात झाली होती. ती बरीच वर्षे पडून राहिली. पहिला करार फ्लोरिडाने केला तो २००२ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर.

डॅरिल गेट्स १६ एप्रिल २०१० रोजी वारले. बरोबर सात दिवसांनी, २३ एप्रिलला, ॲरिझोनाच्या राज्यपालांनी एका नव्या कायद्यावर सही केली. कायदेशीर कारणाने अडवलेल्या माणसाबद्दल वाजवी संशय आला, तर त्याच्या वास्तव्याची चौकशी करणे पोलिसावर त्या कायद्याने बंधनकारक झाले. या विधेयकाला त्या राज्याच्या पोलीसप्रमुखांच्या संघटनेनेच विरोध केला होता. त्यांचा मुद्दा साक्षीदारांचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१२ रोजी या कायद्याची वादग्रस्त चार कलमांपैकी तीन रद्द केली. तूर्त टिकले ते एकच : पोलिसाने तो प्रश्न विचारावा, असे सांगणारे.