राखण

दिवाळीच्या तोंडावर खोडाळ्याच्या आसपासचे उतार पिवळे होतात. खुरासणी फुललेली असते. खाचरांत भात कापणीला आलेला असतो, वरकसात नागली आणि वरई. विहीगावकडून एसटी वर चढू लागली की खिडकीतून ओल्या गवताचा वास आत येतो. गेली तेरा वर्षं नाक्यावर उतरलं की पहिली भेट खंड्याची व्हायची. आमची गाडी तो कशी ओळखायचा कोण जाणे. या वेळी तो नाक्यावर नव्हता. आई फोनवर जे बोलली नव्हती, ते मला तिथंच कळलं.

बाबा मूळ साताऱ्याकडचे. शिक्षकाची नोकरी धरून इकडे आले आणि इथलेच झाले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीच्या वेळी त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी कथा सांगतात. शाळेच्या ओट्याशी पावसात कुडकुडणारं पिल्लू घरी आणलं, तेव्हा बाबांनी तेच नाव त्याला दिलं.

पिल्लू नावाला जागलं. आमच्याकडे कुत्रा लाडासाठी आधी नसतो, राखणीला असतो. मागचं रान बिबट्याचं. रात्री तो जवळपास आला की खंड्याचं भुंकणं बदलायचं, त्यात एक घोगरेपणा यायचा. मग आई कंदील घेऊन उठायची आणि शेळ्यांच्या दाराची कडी चाचपून यायची. त्याच्या भरवशावर आम्ही तेरा पावसाळे निर्धास्त झोपलो.

दुखणं चैत्रात सुरू झालं, तेही तहानेच्या रूपानं. त्या दिवसांत मोखाडा तालुक्यात विहिरींचे तळ दिसू लागतात. याच डोंगरांतलं वैतरणेचं पाणी धरणांत साठून मुंबईला जातं, आणि इथं बाया डोक्यावर हंडे घेऊन उतार चढत असतात. घरात पाणी मोजून वापरायचे ते दिवस, आणि खंड्या भांड्यामागून भांडं रिकामं करत होता. नाशिकला त्याचं रक्त तपासलं तेव्हा कारण कळलं. मूत्रपिंडं थकली होती. त्यांचं दोनतृतीयांशाहून अधिक काम थांबेपर्यंत कुत्रा काही जाणवू देत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. आईनं त्या दिवसापासून त्याच्यापुरतं पाणी मोजणं सोडून दिलं. हंड्यातला पहिला तांब्या त्याचा.

मी पोचलो तेव्हा तो पडवीत गोधडीवर होता. बरगड्या वर आल्या होत्या, तोंडाला उग्र वास येत होता. मला पाहून शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, तिसऱ्यांदा नुसती हलली. तीन दिवसांपासून पेज जात नव्हती. डॉक्टर मोटारसायकलवरून येऊन गेले. पुढचे दिवस फक्त यातनेचे असतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आधी गाढ भूल, मग दुसरं इंजेक्शन; त्याला कळणार नाही. ठरवायचं होतं ते आम्हाला.

त्या दिवशी वाघबारस होती. गुराखी पोरं शिवेवरच्या वाघदेवाकडे निघाली होती. आमची गुरं सांभाळ, असं इथं वाघालाच सांगतात. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. ज्याची भीती, त्याच्याच पाया कसं पडायचं? त्या संध्याकाळी ते उमगलं. जो येणारच, त्याच्यापुढे कुंपण पुरत नाही. त्याला हात जोडून एवढंच म्हणता येतं, ये, पण हळू ये. आम्हाला खंड्यासाठी दुसरं काय मागायचं होतं?

रात्र आम्ही तिघांनी पडवीत काढली. थंडी पडली होती. मध्यरात्री रानाकडून काहीतरी खसपसलं. खंड्यानं कान उभे केले, मान उचलायला धडपडला, घशातून आवाज काढू पाहिला. बाबा चटकन उठले, बॅटरी घेऊन शेळ्यांच्या दारापर्यंत गेले, कडी वाजवून पाहिली. परत येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बघितलं रे मी. सगळं नीट आहे. आता तू निज." खंड्यानं मान खाली टाकली. तेरा वर्षं तो जे काम करत होता, ते त्यानं बाबांच्या हाती दिलं, असं मला वाटलं.

सकाळी डॉक्टर आले. त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं. तिनं बोट ओलं करून त्याच्या जिभेला लावलं. भूल चढली तसा कपाळावरचा ताण सैल झाला, आणि थोड्या वेळानं श्वास थांबला.

बांधावरच्या जांभळाखाली त्याला ठेवलं. पलीकडे खुरासणीवर ऊन आलं होतं. त्या रात्री आम्ही कुणी नीट झोपलो नाही. रानाकडून काही वाजलं की तिघंही एकदम उठून बसायचो. मग आई कंदील घ्यायची, आणि मी तिच्यामागून कडी पाहायला जायचो.