हाताची चव की मापाची?

मैत्रिणींनो, ‘तुझ्या हाताला चव आहे गो!’ असं कुणी म्हटलं की आपण किती सुखावतो, नाही? पण चव आपल्या एकटीच्याच हातात राहिली, की चूलही आपल्याला सोडत नाही, हे कुणी सांगत नाही. मला ते कळलं कॉफीमुळे.

आमच्या पूर्णगडात पाहुणा आला की चहाच. कॉफी केलीच, तर दुधात उकळून, साखर-जायफळ घालून. तिथे अंदाज जरा चुकला तरी जायफळ सांभाळून घेतं. पण सासूबाईंची साखर डॉक्टरांनी बंद केली, आणि पुण्याच्या नणंदबाईंनी शंकूसारखं गाळणं नि त्यात घालायचे कागद आणून दिले. झालं! घरात बिनदुधाची, बिनसाखरेची, वरून पाणी ओतून गाळलेली कॉफी सुरू झाली. हिच्यात लपवायला काही नाही. एक दिवस कडू, तर एक दिवस पाणचट. “कालची बरी होती गो,” सासूबाई म्हणायच्या. दिवसातली त्यांची तेवढीच एक चैन, म्हणून मी वही घेऊन मापाला बसले.

पहिलं वजन. चमच्यावर विसंबू नका. बारीक पूड आणि भरड पूड चमच्यात सारखी बसत नाही. छोट्या वजनकाट्यावर १५ ग्रॅम पूड आणि २४० ग्रॅम पाणी घ्या, म्हणजे एकास सोळा.

दुसरं दळण. पूड जाड रव्याइतकी हवी. फार बारीक असली तर पाणी अडतं नि कॉफी कडू होते. फार भरड असली तर पाणी धावत सुटतं नि कॉफी फिकी, आंबटसर लागते. फिल्टर कॉफीच्या पुडीत पुष्कळदा चिकोरी मिसळलेली असते, तेव्हा पुडा वाचून घ्या.

तिसरं पाणी. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. गरम पाण्याने कागद भिजवून ते पाणी फेकून द्या. मग पुडीवर आधी ४० ग्रॅमच पाणी घाला. ताज्या पुडीतला वायू निघतो, ती फुगून वर येते. अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी बारीक धारेने, गोल फिरवत ओता. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास कॉफी खाली उतरली पाहिजे.

नाही जमली, तर एका वेळी एकच गोष्ट बदला, बरं का! दळण बदललंत तर पाणी तेवढंच ठेवा. नाहीतर कशाने बिघडलं नि कशाने सुधारलं, ते कळायचं कसं?

आणि आपला कोकणातला पावसाळा! पूड सादळली की सारी मापं फुकट. म्हणून थोडी थोडीच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका.

गंमत म्हणजे ही कागदाची युक्तीही एका गृहिणीचीच. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिट्टा बेंट्झ या बाईंनी पितळी भांड्याला भोकं पाडून, त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद घालून कॉफी गाळली, आणि १९०८ साली त्या गाळण्याची रीतसर नोंदणीही केली!

आमची मापं मी एका कागदावर लिहून वजनकाट्याशेजारी चिकटवली आहेत. माझी शाळा सकाळची. आता मी घराबाहेर पडल्यावर आमचे हे कॉफी करतात, आणि सासूबाईंना तिच्यात फरक लागत नाही. ऐकून क्षणभर वाटलं, मग माझ्या हाताचं काय राहिलं? पण खरं सांगू? सकाळची ती वीस मिनिटं मला मिळाली, आणि सासूबाईंना त्यांचा घोट माझी वाट न पाहता मिळतो.

अंदाज शिकवता येत नाही, माप देता येतं. तुमचाही एखादा पदार्थ या आठवड्यात मोजून लिहून काढा, आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात ठेवा.