सतलजच्या काठाने स्पीतीकडे : हिवाळ्यातील एक दुचाकीप्रवास

हिमालयात दुचाकीने जायचे ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बव्हंशी खराही आहे. हिवाळ्यात सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड बर्फाखाली जाते आणि मनालीच्या बाजूने स्पीतीला जाणारी वाट बंद होते. मात्र काझाकडे जाणारी दुसरी एक वाट आहे. शिमल्याहून निघून रामपूर, किन्नौर आणि नाकोमार्गे सतलज व स्पीती नद्यांच्या काठाने ती चढत जाते. अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. मोठी हिमवृष्टी किंवा दरड यांचे दिवस सोडले तर ही वाट हिवाळ्यातही चालू असते. गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझा पुतण्या दोन मोटारसायकली घेऊन याच वाटेने काझापर्यंत जाऊन आलो.

आपल्या व्यापारी घरांत अशा बेताचे स्वागत कसे होते, हे वाचकांना सांगायला नको. ऐन लग्नसराईत दुकानातील दोन माणसे पंधरा दिवस गैरहजर राहणार, तीही बर्फात दुचाकी चालवण्यासाठी! चार दिवस घरात चर्चा झाली. अखेर आईने दोन अटींवर संमती दिली. अंगावर आणि गाडीवर चामड्याची एकही वस्तू नसावी, ही पहिली. आणि घरातल्याप्रमाणेच प्रवासातही सूर्यास्तानंतर अन्न घेऊ नये, ही दुसरी. पुतण्या म्हणाला, "काका, आज्जीच्या अटी घरापुरत्या ठीक आहेत, बर्फातल्या रस्त्याला त्या काय कळणार?" त्या अटींचा रस्त्याशी किती निकटचा संबंध होता, हे पुढे दोघांनाही दिसले.

दोन्ही गाड्या मिरजेहून रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला पाठवल्या. पेट्रोल पूर्ण काढून, टाकी रिकामी करून आणि गाडीला गोणपाट गुंडाळूनच त्या पाठवाव्या लागतात. माझी गाडी बारा वर्षांची बुलेट. किक असलेली, कार्ब्युरेटरची. पुतण्याची हिमालयन नवी, फ्युएल इंजेक्शनची. तिला किक नाही, सारा भरवसा बॅटरीवर. थंडीसाठी दोन्ही गाड्यांची तयारी दिल्लीच्या करोलबागेत करायची होती.

करोलबागेतील नाईवाला गल्ली हे मोटारसायकलींच्या सुट्या भागांचे मोठे पीठ आहे. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना हँडल, आरसे, लेगगार्ड, दिवे, सीट आणि सायलेन्सर टांगलेले. मधल्या फुटपाथवर इंजिने उघडून बसलेले मिस्त्री. लडाखला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी उन्हाळ्यात असते, म्हणून आम्ही गेलो तो काळ तिथे मंदीचा होता. पण मंदी म्हणजे रिकामपण नव्हे, हे तेथे दिसले. भाड्याने देण्याच्या गाड्यांची इंजिने एकामागून एक उघडली जात होती, बेअरिंग आणि क्लचच्या प्लेटा बदलल्या जात होत्या. हंगामात विकायचे ते मंदीत तयार करायचे, हा आपल्या धंद्यातला नियम तेथेही पाळला जातो.

गाडीत फेरफार करण्याच्या दोन तऱ्हा या गल्लीत शेजारी शेजारी नांदतात. एक दिसण्यासाठी, दुसरी चालण्यासाठी. पुतण्याने घरून केलेल्या यादीत मोठा आवाज करणारा सायलेन्सर पहिल्या क्रमांकावर होता. शिवाय तपकिरी चामड्याची सीट आणि त्याच रंगाच्या दोन लोंबत्या पिशव्या. सायलेन्सर कायद्यानेच बाद झाला. नोंदणी पुस्तकात नोंदलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ही मर्यादा अधिक ठळक केली आहे. सीट आणि पिशव्या आईच्या अटीने बाद झाल्या.

यादी अशी अर्धी रिकामी झाल्यावर आमच्या मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला : "उणे दहा अंशांत यातली कोणती वस्तू कामाला येईल?" मग नवी यादी झाली. दोन्ही गाड्यांना पुढे वाऱ्याची काच. बोटांवरचा वारा अडवणारे हँडगार्ड. पडल्यावर इंजिन वाचवणारे लेगगार्ड. इंजिनाखाली लोखंडी पत्रा. खोल नक्षीचे टायर. मागे जाड कॅनव्हासच्या पिशव्या आणि पाच लिटरचा पेट्रोलचा डबा ठेवण्याची चौकट. पुतण्याच्या गाडीला तापणाऱ्या मुठी बसवल्या. माझ्या हँडलवर दिल्लीतील स्कूटरवाले थंडीत वापरतात तशा अस्तर लावलेल्या कापडी खोळी चढवल्या. त्या काही शे रुपयांत मिळाल्या आणि संपूर्ण प्रवासात तापणाऱ्या मुठींच्या बरोबरीने उपयोगी पडल्या.

खरी अडचण अंगावरच्या कपड्यांची होती. दुचाकीस्वाराचे चांगले हातमोजे म्हटले की तळव्याला बकऱ्याचे कातडे, बूट म्हटले की गाईबैलाचे, आणि उबदार जाकीट म्हटले की आत बदकाची पिसे. दुकानदार चामड्याला पर्याय नाही असे सांगत राहिले. दोन दिवस फिरल्यावर पर्याय मिळाले. जाड नायलॉनचे, कोपरे व खांद्यांना कठीण ढाली असलेले जाकीट. कृत्रिम तंतू भरलेले आतले जाकीट. रबरी तळ्याचे, पाणी न शिरणारे कृत्रिम बूट आणि तळव्याला कृत्रिम सुएडचे हातमोजे. कृत्रिम भरावाला एक गुण आहे. पिसे भिजली की त्यांची ऊब जाते. कृत्रिम तंतू ओले झाले तरी बरीच ऊब टिकवतात. बर्फ वितळून अंगावर येणाऱ्या प्रवासात हा फरक लहान नाही.

दुचाकीवर थंडी वाऱ्यामुळे कितीतरी पटींनी लागते. तापमान शून्य अंश असताना ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ते उणे 8 अंशांसारखे जाणवते. उणे 10 असेल तर उणे 22 च्या आसपास. बोटे बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो, आणि अपघाताचे मूळ तेथे असते. यंत्रालाही थंडी बाधते. उणे 18 अंशांच्या सुमारास साध्या बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद निम्म्यावर येते. तेल घट्ट होते; तेलाच्या डब्यावर 'डब्ल्यू' या अक्षराआधी जो आकडा असतो, तो जितका लहान तितके ते तेल थंडीत सहज वाहते. टायरमधील हवेचा दाब थंडीने घटतो, उंचीने वाढतो. म्हणून तो रोज सकाळी मोजावाच लागतो.

शिमल्याहून निघालो तेव्हा नारकंड्यापर्यंत रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. तेथून रस्ता भराभर उतरून सतलजच्या पात्राशी रामपूरला येतो आणि हवा एकदम सौम्य होते. रामपूर हे जुन्या बुशहर संस्थानाचे गाव. तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराची आठवण सांगणारी लवी जत्रा येथे दर वर्षी 11 नोव्हेंबरपासून भरते. लोकर, सुका मेवा आणि घोडे यांची ही बाजारपेठ बर्फ पडण्याआधी हिशेब मिटवण्यासाठी होती. पुढचा रस्ता ज्या वाटेवरून गेला आहे तो हिंदुस्तान-तिबेट मार्ग 1850 मध्ये बांधायला सुरुवात झाली. तरांड्याजवळ तो कड्यात कोरलेला आहे. डोक्यावर खडकाचे छत आणि खाली शेकडो फूट दरी.

रेकाँग पिओच्या पायथ्याशी टाक्या आणि डबे काठोकाठ भरून घेतले, कारण पुढचा भरवशाचा पंप थेट काझात. खाबला स्पीती नदी सतलजला मिळते. तेथून का गावाची नागमोडी वळणे चढून आम्ही तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास नाकोला पोहोचलो. साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या या गावातील तळे पूर्ण गोठलेले होते. ताबो पुढे साठ-पासष्ट किलोमीटर. पुतण्याच्या मते अंधार पडेपर्यंत ते सहज गाठता आले असते. परंतु सूर्य डोंगराआड चालला होता आणि ताबोला पोहोचून सूर्यास्तापूर्वी जेवण होणे शक्य नव्हते. आम्ही नाकोलाच थांबलो. घरमालकिणीने भात आणि वाळवलेल्या मटारची आमटी केली. कांदा-बटाटा नको म्हटल्यावर तिला नवल वाटले, पण उजेड असतानाच तिने ताटे वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही मलिंग नाल्यापाशी आलो. डोंगरातून झिरपणारे पाणी दुपारी रस्त्यावरून वाहते आणि ऊन हटताच गोठते. डांबरावर काचेसारखा पारदर्शक थर होता. दूरून तो केवळ ओला रस्ता वाटे. एक मालमोटार आदल्या सायंकाळी तेथेच घसरून कठड्याला टेकली होती. चालक सुखरूप होता, पण त्याने रात्र केबिनमध्ये काढली होती. रस्त्यावरील मजूर माती पसरत होते. ऊन चढेपर्यंत दीड तास थांबून, गाड्यांवरून उतरून, पहिल्या गिअरमध्ये एकेक गाडी दोघांनी धरून आम्ही तो तुकडा पार केला. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "काल संध्याकाळी आपण इथेच असतो, काका." त्यानंतर रोज तीन वाजता मुक्कामाची चौकशी तोच करू लागला.

ताबोचा इसवी सन 996 मधील मातीचा विहार आणि काझाचा बाजार यांवर स्वतंत्रपणे लिहिता येईल. येथे एवढेच सांगतो की, ताबोच्या पुढे भरल जातीच्या जंगली मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. इंजिने बंद करून आम्ही उभे राहिलो. साध्या सायलेन्सरच्या गाड्यांनी ते बिचकले नव्हते. एकेक मेंढी आमच्याकडे पाहत निवांत खाली उतरली.

काझात नळ गोठलेले, पाणी बर्फ वितळवून. लोखंडी शेगडीवर दिवसभर भांडे उकळत असल्याने उकळलेल्या पाण्याचा आमचा नेम आपोआप पाळला गेला. रात्री दोन्ही बॅटऱ्या काढून शेगडीजवळ ठेवत असू. एका सकाळी एवढे करूनही हिमालयन सुरू होईना. बुलेट मात्र दहा-बारा किकांनंतर चालू झाली. तिच्या बॅटरीला तारा जोडून दुसरी जागी केली.

परतल्यावर अनेकांनी विचारले की, मुलांना असे जाऊ द्यावे का. माझे उत्तर असे : वेड लागलेला मुलगा नकाराने थांबत नाही, तो न सांगता जातो. त्यापेक्षा त्याच्याशी बसून यादी करावी आणि मर्यादा निघण्यापूर्वी ठरवाव्यात. रस्त्यावर ठरवलेली मर्यादा थकव्यापुढे टिकत नाही. एकट्याने जाऊ नये, जाताना चार दिवस धरावेत आणि दोन दिवस राखीव ठेवावेत. गाडीवर शोभेची वस्तू चढवण्याआधी ते पैसे हातमोजे आणि टायर यांवर खर्च करावेत. आणि सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी, मग पुढचे गाव कितीही जवळ असो, चूल पेटलेली दिसेल तेथे थांबावे.