अर्धी मान

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आमच्या घरी पितळेची भांडी चिंचेने घासायची, असा आईच्या वेळचा नेम आहे. आता घरात नळ आहे, गिझर आहे. पण अभ्यंगाचा पहिला तांब्या गुंडातल्या पाण्याचाच असतो. गुंड म्हणजे आमच्या विदर्भातली घागर. गेल्या दिवाळीत नातू तो घासायला बसला. घासता घासता गळ्यावरची झिजलेली अक्षरे त्याने बोटाने चाचपून वाचली : "शंकरपट. पहिले बक्षीस. १९६१." आणि लगेच विचारले, "आजोबा, हे तुम्ही जिंकलात?"

प्रश्न सरळ होता. पण त्याचे सरळ उत्तर देण्याचे मी साठ वर्षांहून अधिक काळ टाळत आलो आहे. दिवाळीत घरोघर जळमटे काढतात. तेव्हा हेही एक काढून टाकावे म्हणतो.

माझे आजोळ पारशिवनीचे. शाळेसाठी मी मामांकडे राहत असे. तोतलाडोहचे धरण तेव्हा झाले नव्हते, आणि पेंच नदी आपल्या मर्जीने वाहत होती. शिवरात्रीला बंड्या जुंपून घोगरा महादेवाला जायचे आणि माघात शंकरपट पाहायचा, ही आम्हा पोरांची वर्षातली दोन मोठी सुखे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. नांगरलेल्या रानाशेजारी लांबलचक सरळ पट्टा साफ करायचा, त्यात शेजारीशेजारी दोन दाणी आखायच्या, आणि दोन छकड्या एकदम सोडायच्या. झेंडी पडल्यापासून शर्यत संपेपर्यंत माणसाला दोनदा श्वास घेता आला तर पुष्कळ. पण तेवढ्यासाठी लोक रात्रभर बंडी हाकीत येत.

मामांची जोडी गवळाऊ जातीची होती. वर्धा-नागपूरकडची ही जात पांढरी, सडपातळ आणि पायाने हलकी. एकाचे नाव हिऱ्या, दुसऱ्याचे पाखऱ्या. जोडी चांगलीच होती; पण शेजारच्या गावी एका माजी मालगुजारांची जोडी तिच्याहून चांगली होती. मालगुजारी १९५१ साली गेली, पण बैलांना त्याची खबर नव्हती. ते उंच, तरणे, सरकी-गुळावर पोसलेले बैल पटावर उतरले की माणसे आपोआप मागे सरत. १९६० च्या माघात त्यांनी आम्हाला चार छकड्यांच्या अंतराने हरवले. घरी परतताना मामा वाटभर बोलले नाहीत.

नवी जोडी घ्यायची तर शेताचा तुकडा विकावा लागला असता. तेव्हा मामा गावच्या म्हाताऱ्या वाढयाकडे गेले. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. हा म्हातारा तान्ह्या पोळ्याला आम्हा पोरांना लाकडी बैल करून देई, म्हणून त्याच्या पडवीत आमचा मुक्काम ठरलेला. मामांनी गाऱ्हाणे सांगितले. म्हाताऱ्याने चिलीम बाजूला ठेवली आणि म्हणाला, "बैल जेवढे पयतात तेवढेच पयतीन, भाऊ. त्यायच्या मांगचं वजन काढा लागते."

मग पावसाळाभर त्या पडवीत वजन काढण्याचे काम चालले. साटीच्या फळ्या काढून त्या जागी अंबाडीच्या दोरीचे विणकाम आले. बाजूचे दांडे गेले. धुऱ्याचे जाड लाकूड रंध्याने उतरवीत आणले, पण जिथे जोर येतो तिथे हात लावला नाही. सगळ्यांत जास्त दिवस गेले ते चाकांवर. आरे तासून बारीक केले, पुठ्ठे कमी केले आणि जाड लोखंडी धाव उतरवून लोहाराकडून पातळ धाव चढवून घेतली. मी विचारले, "चाकालेच एवढं काहून?" म्हातारा म्हणाला, "चाकाच्या कडेचं एक शेर म्हणजे साटीवरचे दोन शेर." मला ते थट्टेचे वाटले. पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकताना कळले की म्हाताऱ्याचा हिशेब बरोबर होता. साटीवरचे वजन बैलाला नुसते पुढे न्यायचे असते. चाकाच्या कडेचे वजन पुढेही न्यायचे आणि फिरवायचेही असते. सुटताना त्याचा भार दुप्पट होतो, आणि पटाची शर्यत जिंकली-हरली जाते ती सुटतानाच.

शेवटी तोल. छकडी मागे झुकली तर उलाळ होऊन जू बैलाच्या गळ्याला वर ओढते. पुढे झुकली तर धुरजड होऊन मानेवर बसते. मामा छकडीवर बसत, म्हातारा जुवाखाली दोन बोटे घालून भार अजमावी आणि सांगे, "जरासे मांगं सरका." असे किती वेळा झाले असेल! आसाला एरंडेल आणि जळक्या पेंढ्याची राख मिसळून ताजे वंगण घातले, आणि छकडी एका हाताने ढकलली तर अंगणाच्या टोकापर्यंत गेली. मामींनी तिला कुंकू लावले.

मामांच्या तुतारीला आर नव्हती. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, आणि आर म्हणजे तिच्या टोकाचा खिळा. पटावर बहुतेकांच्या तुतारीला आर असे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मामांची काठी नुसती बोथट. बैलाच्या पाठीला टेकवायची आणि तोंडाने हाकारायचे, एवढाच तिचा उपयोग.

पटाच्या आदल्या रात्री मला झोप आली नाही. मी बारा वर्षांचा होतो. चार छकड्यांचे ते अंतर वर्षभर माझ्या डोळ्यांपुढून हलले नव्हते, आणि शाळेत मालगुजारांच्या गावची पोरे ते मला विसरू देत नव्हती. रंधा मारून वजन काढता येते, पण भीती काढता येत नाही. मी उठलो, वाढयाच्या पडवीतून आणलेला एक बारीक खिळा मामांच्या तुतारीच्या टोकात दगडाने ठोकला आणि नुसते टोक बाहेर ठेवले. कोळशाने ते काळेही केले.

दुसऱ्या दिवशी झेंडी पडली तेव्हा मी एका बाभळीवर होतो. छकडी सुटताना असा काही आवाज झाला की जणू तिच्यामागे काही वजनच नाही. मालगुजारांचे बैल पहिल्या काही ढांगांत मागे पडले. मग त्यांनी अंतर खायला सुरुवात केली. अर्ध्या पटावर ते बरोबरीला आले. मामांनी एकदाच, शेवटी शेवटी, काठी हिऱ्याला टेकवली. आमची जोडी बरोबर एक मान पुढे निघाली. लोकांनी टोप्या उडवल्या. मी झाडावरून उतरलो की पडलो, हे मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी मामा बैल धूत होते. हिऱ्याच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल ठिपका होता, गुंजेएवढा. मामांनी तो पुसला. तो पुन्हा आला. मग ते गोठ्यात गेले, तुतारी घेऊन आले आणि टोकावरून अंगठा फिरवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललोच नाही. तोंडावरच सगळे लिहिलेले असावे.

"काहून रे बापा?" ते म्हणाले.

"मामाजी, जिंका लागत होतं ना."

त्यांनी मला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. ते तसेच उठले आणि रात्रीच्या अंधारात मालगुजारांच्या गावी जाऊन आले. तिथे काय झाले ते मामींकडून कळले. मालगुजार म्हणे हसले आणि म्हणाले, "आमच्याही तुतारीले आर हाये. त्यात काय?" बक्षीस परत घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. तो गुंड मामांनी वापरला नाही. भाऊबिजेला आई आली तेव्हा तिच्या ओवाळणीत घातला. आईला वाटले, भावाचे केवढे मन!

पुढच्या माघात, १९६२ साली, मामा काठीशिवाय पटावर उतरले. तीच छकडी, तीच जोडी, समोर तेच बैल. नुसत्या हाकाऱ्यावर शर्यत झाली आणि आम्ही अर्ध्या मानेने हरलो. आदल्या वर्षी एका मानेने जिंकलो होतो, आता अर्ध्या मानेने हरलो. म्हणजे माझा खिळा दीड मानेचा होता, आणि त्या म्हाताऱ्याचा रंधा जवळजवळ चार छकड्यांचा! हा हिशेब मी त्याच दिवशी केला. बैल दरवर्षी सारखे पळत नाहीत, हे मला कळते. तरी तो हिशेब डोक्यातून गेला नाही. मामा त्या दिवशी वाटभर गात आले. जिंकलेल्या पटाविषयी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. हरलेल्या पटाची गोष्ट मात्र पाहुण्यांना दोनदोनदा सांगत.

मोटारींच्या शर्यतीविषयी वाचण्याचा नाद मला पुढे लागला, त्याचे मूळ बहुधा त्या पडवीतच असावे. आमच्या पटानंतर तीनच महिन्यांनी, १४ मे १९६१ रोजी, मोनॅकोच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर स्टर्लिंग मॉस एक जुनी लोटस मोटार घेऊन उतरला होता. समोर फेरारीच्या नव्या मोटारी, इंजिनात तीस-चाळीस अश्वशक्तीने सरस. सुटण्याच्या थोडेच आधी त्याच्या मोटारीच्या सांगाड्याची एक नळी तडकलेली दिसली. पेट्रोलची टाकी भरलेली असताना तिच्याभोवती ओली फडकी गुंडाळून तिथल्या तिथे सांधा जोडला. उकाडा होता म्हणून मॉसने मोटारीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काढून टाकले आणि तसाच उघड्यावर शंभर फेऱ्या पळाला. ३.६ सेकंदांनी जिंकला. ते वाचताना मला वाढई आठवला. आणि हेही वाटले की मॉस किती सुखी! त्याने मोटारीचे काय वाटेल ते केले असते, तरी संध्याकाळी तिच्या अंगावर लाल ठिपका उमटला नसता.

बैलांच्या शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा आमच्या भागात मोठी हळहळ झाली. मला मात्र राग येईना. निकालाचे कागद कुणी वाचून दाखवीत होते आणि मला अंधारात दगड वाजल्याचा आवाज ऐकू येत होता. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. काठी, आर, विजेचा झटका यांना आता नियमाने मनाई आहे. त्यानंतर एका पटाला मी मुद्दाम गेलो. घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजत होते, छकड्या आमच्याहूनही हलक्या होत्या, आणि सुरुवातीच्या रेषेपाशी एक पोरगा प्रत्येक धुरकऱ्याचे दोन्ही हात उघडून पाहत होता. मी बराच वेळ त्या पोराकडेच पाहत उभा होतो.

नातवाला मी हे सगळे सांगितले. तो गुंड मांडीवर घेऊन गप्प बसला. मग म्हणाला, "आणि आजोबा, हरलेल्या पटाचं बक्षीस कुठे आहे?"

दुसऱ्या आलेल्याला त्या काळी नुसता नारळ मिळे. तो आम्ही त्याच रात्री अंगणात फोडला. पहिली दोन भकले गुळाबरोबर हिऱ्या-पाखऱ्याला गेली, एक म्हाताऱ्या वाढयाला, आणि उरलेले मामांनी माझ्या हातावर ठेवले.