कोपरा सोडायचा नाही

९ सप्टेंबर २०१२, रविवार. कॉलेज स्टेशन, टेक्सस

काल काइल फील्डवर अमेरिकन फुटबॉलचा सामना संपेपर्यंत उभा होतो. इथले विद्यार्थी बसत नाहीत. आपण संघाचा बारावा गडी आहोत, गरज पडली तर मैदानात उतरायला तयार आहोत, असं सांगायची ही त्यांची जुनी रीत. पोटऱ्या अजून भरून आलेल्या आहेत.

आमचं विद्यापीठ, टेक्सस ए अँड एम, यंदा एसईसी गटात आलं. त्या गटातला पहिला सामना फ्लोरिडाशी झाला आणि आपण १७–२० असे हरलो. पण घरी येताना सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं: जॉनी मॅन्झेल. हा नवा क्वार्टरबॅक. लुइझियाना टेकशी ठरलेला सलामीचा सामना चक्रीवादळामुळे पुढे गेला, म्हणून कालचा त्याचा पहिलाच. पोरगा आडदांड नाही. चेंडू हातात घेऊन मागे सरकतो, फेकायला कुणी मोकळं दिसलं नाही की गर्दीतून असा निसटतो की अंगावर आलेले दोघं एकमेकांवर आदळतात.

पूर्वार्धात आपले १७ गुण झाले, उत्तरार्धात एकही नाही. एवढं काय बदललं? मला दिसलं ते असं. आधी फ्लोरिडाचे कडेचे गडी त्याच्यावर तुटून पडत होते. नंतर ते हळू झाले. हळू म्हणजे आळशी नव्हे. मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसे.

मी लालबागला उजव्या कोपऱ्यात कबड्डी खेळायचो. ते हळू होणं मला ओळखीचं वाटलं.

११ सप्टेंबर, मंगळवार

शेजारचे आजोबा एका शाळेच्या संघाचे प्रशिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सगळे त्यांना कोचच म्हणतात. संध्याकाळी त्यांना माझं निरीक्षण सांगितलं. त्यांनी अंगणातल्या मातीत काठीने चार रेघा ओढल्या.

चौघे पुढून धावून जातात. प्रत्येकाची एक वाट ठरलेली. कडेचे दोघे बाहेरून जातात आणि क्वार्टरबॅकला त्यांच्या बाहेर कधीच पडू द्यायचं नसतं. मधले दोघे समोरून भिंत ढकलत आणतात. आता कडेचा गडी जोरात गेला आणि क्वार्टरबॅकच्याही मागे निघून गेला, तर त्याने सोडलेली वाट मोकळी झाली. जो चेंडू घेऊन पळू शकत नाही त्याच्याविरुद्ध ही चूक खपून जाते. मॅन्झेलसारख्याविरुद्ध त्याच चुकीचे तीस यार्ड होतात.

“त्याच्या खांद्याच्या रेषेपर्यंत जायचं. त्यापुढे एक पाऊल नाही,” कोच म्हणाले. मग काठी टेकून उभे राहिले. “आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही. कमरेकडे बघायचं. डोळे खोटं बोलतात, डोकं खोटं बोलतं, कंबर बोलत नाही.”

आमचे सर हेच सांगायचे. चढाईपटूच्या हाताकडे बघू नकोस, कमरेकडे बघ.

१४ ऑक्टोबर, रविवार

लुइझियाना टेकशी राहिलेला सामना काल श्रीव्हपोर्टला झाला. ५९–५७ असे जिंकलो. मॅन्झेलने फेकून ३९५ यार्ड मिळवले आणि पळून १८१. एकूण ५७६, एसईसीचा विक्रम. विद्यापीठात आज दुसरा विषय नाही. पुढच्या शनिवारी लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू, इथे येतंय.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

परवा घट बसले. आईने फोटो पाठवला. इथे प्रयोगशाळेतून निघायला आठ वाजले आणि तसाच कोचच्या घरी गेलो.

त्यांनी एक जुना सामना लावला, आणि लावताना थोडे कचरले. कारण तो टेक्सस विद्यापीठाचा होता. इथे त्या संघाचं नाव प्रेमाने घेत नाहीत, आणि यंदापासून तर दोघांमधला वार्षिक सामनाही बंद पडलाय. पण ते म्हणाले, शिकायचं तर हाच बघितला पाहिजे. ४ जानेवारी २००६, पॅसाडेना, रोझ बोल. समोर यूएससी, सलग ३४ सामने जिंकलेला संघ.

व्हिन्स यंग १९ वेळा पळाला, २०० यार्ड, तीन टचडाउन. शेवटी यूएससी ३८–३३ असं पुढे. चौथा, म्हणजे अखेरचा प्रयत्न. पाच यार्ड हवेत, गोलरेषा आठ यार्डांवर. यंग मागे सरकला, फेकायला कुणी सापडेना, उजवीकडची वाट उघडी दिसली आणि तो त्या कोपऱ्यात चालत गेल्यासारखा पोचला. १९ सेकंद उरले होते. ४१–३८.

कोचनी तो क्षण सहा वेळा मागे घेतला. मग त्यांनी मागच्या फळीतल्या बचावपटूंकडे बोट दाखवलं. जो बचावपटू ठरवून एकाच गड्याला धरून धावतो, त्याची पाठ क्वार्टरबॅककडे असते. पळणारा सुटला हे त्याला उशिरा कळतं. उलट जो आपली जागा राखतो, त्याचे डोळे चेंडूवर असतात; तो पुढे येऊ शकतो. म्हणून पळणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर जागा राखणं बरं. पण त्यातही किंमत आहे: जागांच्या मधल्या फटी नेमबाजाला दिसतात.

मी विचारलं, एक माणूस फक्त त्याच्यावर नजर ठेवायला लावला तर? असा हेर लावतातच, म्हणाले. बहुधा लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या चौघांच्या मागचा गडी. तो मध्ये उभा राहतो आणि क्वार्टरबॅक जिकडे सरकेल तिकडे सरकतो. पण हेर त्याच्याइतका चपळ हवा, आणि तेवढा चपळ माणूस सापडला तरी तो दुसरं काहीच करत नाही. अकरांतला एक कमी झाला. “हेराच्या भरवशावर बाकीचे बेफिकीर होतात. ते जास्त वाईट.”

झोन रीड म्हणतात त्या युक्तीबद्दल आज पहिल्यांदा नीट समजलं. हल्ला करणारा संघ बचावाच्या कडेच्या एका गड्याला मुद्दाम कुणीही न अडवता मोकळा सोडतो. क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या पोटाशी धरतो आणि त्या मोकळ्या गड्याकडे बघतो. तो धावपटूवर गेला, तर चेंडू स्वतःकडे ओढून त्याच्याच रिकाम्या जागेतून पळतो. तो जागेवर थांबला, तर चेंडू धावपटूला देऊन टाकतो. म्हणजे तो एकटा काहीही करो, चूकच ठरणार. यावरचं उत्तर दोघांनी मिळून द्यायचं. कडेचा गडी मुद्दाम आत घुसतो, क्वार्टरबॅकला वाटतं जागा रिकामी झाली, आणि तेवढ्यात आतला लाइनबॅकर बाहेरून वळसा घेऊन तीच जागा भरतो. जबाबदाऱ्यांची अदलाबदल. एका घटकेचा उशीर झाला तर सगळं फसतं.

पण मॅन्झेलचा धोका इथे कमी आहे, असं कोचचं मत. त्याच्या धावा बहुतेक ठरवलेल्या नसतात. मुळात तो फेकायलाच मागे जातो. दोन बाजूंना ल्यूक जोकल आणि जेक मॅथ्यूज असे भक्कम टॅकल आहेत. ते धावून आलेल्यांना इतकं रुंद रेटतात की मधूनच दार उघडतं.

२० ऑक्टोबर, शनिवार, रात्र

हरलो. १९–२४. घसा बसलाय, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सुरुवातीला १२–० असे पुढे होतो. ८० हजारांहून जास्त माणसं, पायाखालचं काँक्रीट हलत होतं. मग मध्यंतराआधीच्या काही मिनिटांत एलएसयूने १४ गुण केले आणि नंतर आम्ही फक्त पाठलाग करत राहिलो.

मी चेंडूकडे फारसं बघितलंच नाही. एलएसयूच्या कडेच्या दोघांकडे बघत होतो, बार्केव्हियस मिंगो आणि सॅम मॉन्टगोमेरी. मिंगोचा वेग असा की मनात आणलं तर तो जोकलला वळसा घालून गेला असता. आणि पुन्हा पुन्हा तो जायचा, क्वार्टरबॅकच्या रेषेशी यायचा आणि तिथे स्वतःला आवरायचा. हात पसरून उभा. मॅन्झेल बाहेर निघाला की समोर मिंगो. आत वळला की मधले दोघे. पिंजऱ्याच्या चारही भिंती एकाच चालीने पुढे येत होत्या.

मिंगो पुढच्या वर्षी व्यावसायिक संघात जाणार असं सगळे म्हणतात. तिथे सॅक मोजले जातात, म्हणजे क्वार्टरबॅकला किती वेळा लोळवलं. ज्याच्याकडे तो वेग आहे त्याने सामनाभर तो राखून ठेवायचा, हे मला फार मोठं वाटलं. मी माझ्या संघाच्या रंगाचा शर्ट घालून उभा होतो आणि समोरच्या माणसाबद्दल छाती भरून येत होती.

मॅन्झेलच्या १७ धावांचे मिळून फक्त २७ यार्ड. कॉलेजच्या खेळात सॅकमध्ये गेलेलं अंतर क्वार्टरबॅकच्या धावांतून वजा होतं, व्यावसायिक खेळात होत नाही. तेव्हा २७ हा आकडा थोडा फसवा आहे हे कबूल. पण दुसरा आकडा जास्त बोलतो. त्याला ५६ वेळा चेंडू फेकावा लागला. त्यांतले २९ पोचले, तीन थेट एलएसयूच्या हातात गेले. पिंजरा लावणाऱ्याला हेच हवं असतं. तू पळू नकोस, उभा राहा आणि फेक, आणि पुन्हा फेक.

मी अठरा वर्षांचा होतो, कबड्डीचा उपान्त्य सामना. शेवटची चढाई. चढाईपटू अजून आत आला नव्हता, निदानरेषेपर्यंतसुद्धा नाही, आणि मी त्याच्या घोट्यावर झेपावलो. हात रिकामा आला. मी सोडलेल्या कोपऱ्यातूनच तो मध्यरेषेला पोचला. त्या दिवशी मला पकड हवी होती. कोपरा राखायला हवा होता.

२२ ऑक्टोबर, सोमवार

कोचबरोबर सामना पुन्हा पाहिला. त्यांनी मैदानाच्या रुंदीकडे लक्ष वेधलं. मैदान १६० फूट रुंद. खेळ जिथून सुरू करतात त्या दोन हॅशरेषांमध्ये कॉलेजात ४० फुटांचं अंतर असतं. व्यावसायिक मैदानावर साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळं रान. पळणाऱ्या क्वार्टरबॅकला ते रान दिलं की संपलं. पिंजऱ्याची रानाकडची भिंत जास्त पक्की लागते; अरुंद बाजूला सीमारेषाच एक गडी होऊन उभी असते.

११ नोव्हेंबर, रविवार

अलाबामाला त्यांच्या घरी हरवलं! २९–२४. देशातला पहिल्या क्रमांकाचा संघ. पहिल्या पावात २०–०. टस्कलूसाला जाणं परवडलं नसतं, टीव्हीवर पाहिलं आणि ओरडून शेजार जागा केला.

एक क्षण मनातून जात नाही. मॅन्झेल गर्दीत शिरला, स्वतःच्याच गड्याच्या पाठीवर आदळला, चेंडू हातातून उडाला, त्याने तो हवेत झेलला, डावीकडे निघाला आणि गोलरेषेपलीकडे मोकळ्या उभ्या रायन स्वोपला दिला. तिथे पिंजरा मोडला नव्हता. तो मोडला असं मागच्या बचावपटूंना वाटलं. क्वार्टरबॅक सैरावैरा पळू लागला की झेलणारे आपली ठरलेली वाट सोडून मोकळ्या जागी धावतात. त्या वेळी जवळ जो असेल त्याला चिकटायचं आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडायचं नाही, हा नियम. सगळे मॅन्झेलकडे बघत राहिले.

परवा दिवाळी. चिवडा करायचाय.

५ जानेवारी २०१३, शनिवार

डिसेंबरात मॅन्झेलला हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. पहिल्या वर्षाच्या खेळाडूला तो आजवर मिळाला नव्हता. काल आर्लिंग्टनला कॉटन बोलमध्ये ओक्लाहोमाला ४१–१३ असं धुतलं. एकट्या मॅन्झेलच्या धावांचे २२९ यार्ड. ओक्लाहोमाच्या गड्यांत जोर कमी नव्हता. वाटा सुटत होत्या, एवढंच. कोच सामना संपायच्या आधीच झोपायला गेले. त्यांना जिंकल्याचा आनंद होता, पण असा बचाव त्यांना बघवत नव्हता.

१५ सप्टेंबर २०१३, रविवार

अलाबामा इथे आलं आणि ४९–४२ असं जिंकून गेलं. मॅन्झेलने फेकून ४६४ यार्ड मिळवले, त्यातले २७९ एकट्या माइक एव्हन्सने झेलले. पळून ९८. यावरून मी काय समजायचं? पिंजरा लावायला चौघं पुढे सावकाश जातात, तेव्हा त्याला फेकायला वेळ मिळतो. मागे सहा फूट पाच इंच उंचीचा एव्हन्स असेल तर त्या वेळेची किंमत मोजावी लागते. कोपरा राखून सगळे सामने जिंकता येत नाहीत. कोचना हे सांगितलं तर म्हणाले, खरं आहे, पण सोडून मात्र एकही जिंकता येत नाही. हे मला पटत नाही. तुटून पडूनही कधी कधी साधतं. पण दरवेळी साधेल या भरवशावर मी संघ बांधणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल बॅटन रूजला एलएसयू ३४, आपण १०. मॅन्झेलने ४१ वेळा फेकलं, १६ पोचले, दोन त्यांनी पळवले.

मिंगो आणि मॉन्टगोमेरी दोघांनाही व्यावसायिक संघांनी निवडलं. मिंगो तर यंदाच्या निवडीत सहावा गेला. कालच्या कडांवर नवे गडी होते. बचावाचे प्रशिक्षक जॉन चॅव्हिस मात्र तेच, आणि रेषेशी येऊन हात पसरून थांबणंही तेच. कोचनी सामना शेवटपर्यंत पाहिला. मग उठून त्यांनी मला हात दिला, जसा सामना संपल्यावर गड्याला देतात.

आजवर मॅन्झेलला दोनदा हरवलेला संघ एकच आहे: एलएसयू.