लाल, पांढरी आणि पिवळी

सेट टॉप बॉक्सची मागची बाजू तुम्ही शेवटची कधी बघितली होती? बसवायला आलेला माणूस ती एकदा बघतो, नंतर फक्त धूळ बघते. या वीकांताला सातारला आई-बाबांकडे मी तिथे तासभर डोकं घालून बसलो होतो. त्याबद्दल लिहितो. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडी ओळख करून देतो. छत्रीवरून आलेली जाड केबल स्क्रूने आवळलेली असते, ती आत येणारी वाट. बाकीच्या बहुतेक बाहेर जाणाऱ्या. त्यातली तीन रंगीत भोकं म्हणजे आरसीए. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या नावावरून हे नाव पडलं, आणि ही पिन मुळात रेकॉर्ड प्लेअर रेडिओला जोडायला केलेली होती. म्हणजे टीव्ही घरोघरी पोचायच्या आधीची! पिवळ्यातून चित्र जातं, पांढऱ्यातून डाव्या बाजूचा आवाज, लालमधून उजव्या.

पिवळ्या तारेची एक गंमत आहे. तिच्यात उजेड आणि रंग यांची खिचडी करून पाठवतात आणि टीव्हीने ती परत निवडायची असते. ते कधीच शंभर टक्के जमत नाही. निवेदकाने बारीक चौकटीचा शर्ट घातला की त्यावर इंद्रधनुष्य नाचायचं, आठवतंय? तो शर्टाचा दोष नव्हता. शिवाय या तारेतून फार तर ५७६ ओळींचं चित्र जातं, तर एचडीमध्ये १०८० ओळी असतात. त्यामुळे एचडीएमआय आली आणि पिवळीचं राज्य गेलं ते बरंच झालं. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच केबलमधून, तेही डिजिटल.

तर सांगायचा मुद्दा हा की पिवळी रिटायर झाली म्हणून लाल-पांढरी रिटायर झाली असं नाही. बऱ्याच बॉक्समध्ये एचडीएमआय चालू असतानाही त्या दोन भोकांतून आवाज येतच असतो. कुणी घेत नाही, एवढंच.

आमच्याकडे घेणारा माणूस होता. बाबा ७६ वर्षांचे आहेत. कान तपासून झालेत, यंत्रही आहे, पण संध्याकाळपर्यंत ते टोचायला लागतं म्हणून काढून ठेवतात. मग टीव्हीचा आवाज ४५ वर. आई स्वयंपाकघरातून, "अहो, शेजारी काय म्हणतील!" बाबा म्हणणार, "ऐकू येतं गं, पण काय बोलतायत ते कळत नाही." हे वाक्य अगदी शास्त्रशुद्ध आहे बरं का. म्हातारपणी बहुधा आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त ही व्यंजनं तिथेच राहतात. स्वर ऐकू येतात, शब्द लागत नाहीत. आवाज वाढवला की मालिकेचं ढॅणढॅण संगीतही वाढतं, त्यामुळे फायदा थोडाच.

गेल्या काही महिन्यांत भांडण थांबलं होतं. मला वाटलं, सुटला प्रश्न. नंतर लक्षात आलं की बाबा संध्याकाळी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसतात. तोच पेपर, सकाळी वाचलेला. आई बाहेर एकटी मालिका बघते. हे मला ४५ च्या आवाजापेक्षा जास्त टोचलं.

उपाय असा केला. लाल-पांढरीतून एक केबल हेडफोनच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला लावली. हा मधला डबा हवाच, कारण त्या भोकांमधला आवाज हेडफोन नीट वाजवण्याइतका दमदार नसतो. त्याला कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावला. बॉक्सचा आवाज पूर्ण वर ठेवला, कारण बऱ्याचदा तोच लाल-पांढरीलाही लागू होतो. आता आईने टीव्हीच्या रिमोटने १२ वर ठेवला तरी बाबांचं बटण वेगळं. आवाज थेट कानात, खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर मध्ये नाही.

"ब्लूटूथ का नाही?" असं तुम्ही म्हणाल. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा मागे पडू शकतो. आपल्याला फार तर खटकेल. पण कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. ओठ आणि शब्द जुळले नाहीत तर त्याचा उरलासुरला आधारही जातो. म्हणून वायरच. फक्त ती फरशीवरून नको, पाय अडकतो. भिंतीच्या कडेने चिकटवून खुर्चीपर्यंत आणली.

अजून एक. लहान बॉक्सना तीन भोकांऐवजी ३.५ मिमीचं एकच भोक असतं, आणि पिनेवरच्या कड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. कानात नुसती घुर्रर्र आली तर बॉक्स बिघडला असं समजू नका, चित्राचा सिग्नल आवाजाच्या तारेत आलाय. योग्य केबल आणा.

रविवारी संध्याकाळी बाबा पेपर न घेता बाहेर येऊन बसले. अर्ध्या तासाने मोठ्याने म्हणाले, "ही बाई खोटं बोलतीये!" हेडफोनमुळे स्वतःचा आवाज कळत नाही ना. आई दचकली, मग म्हणाली, "अहो, ती दोन महिन्यांपासून बोलतीये." आणि मधल्या दोन महिन्यांची गोष्ट सांगायला लागली. बाबांनी एक कान उघडा करून ती ऐकली.

असो. घरी कुणी पेपर घेऊन आत जाऊन बसायला लागलं असेल, तर आधी त्यांचे कान तपासून घ्या. आणि मग एकदा बॉक्स फिरवून मागे बघा.