हमाल, सेनापती आणि पाठभेद

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे आमचे चांदूर रेल्वे. मुंबई-हावडा लोहमार्गावर बडनेरा सोडल्यानंतर धामणगाव यायच्या आधी लागते ते आमचे. नुसते ‘चांदूर’ म्हटले की समोरचा हमखास विचारतो, ‘कोणते?’ एका नावाखाली दोन गावे नांदतात याची आम्हाला जन्मभराची सवय. तरीही एका नावाखाली दहा व्यक्तिरेखा नांदू शकतात आणि त्यांचा अभ्यास हा वाङ्मयाचाच अभ्यास असतो, हे मराठी शिकवणाऱ्या आम्हा दोघांना एका विद्यार्थ्याकडून शिकावे लागले. त्याची ही हकीकत.

पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी विषय ठरवायचे होते. ग्रामगीतेतील ग्रामविचार, वऱ्हाडी म्हणी, गाडगेबाबांची कीर्तने असे नेहमीचे विषय फळ्यावर लिहून झाले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते : ‘ऑप्टिमस प्राइम : एका यंत्रमानव नेत्याची बदलती व्यक्तिरेखा’. आम्ही हसलो. वर्गही हसला. ‘अरे, हे खेळण्यांचे दुकान आहे, वाङ्मय नव्हे,’ असे आमच्यापैकी एकाने म्हटले आणि दुसऱ्याने मान डोलावली. मुलाने कागद घडी करून खिशात ठेवला. तास संपल्यावर दाराशी थांबून तो एवढेच म्हणाला, ‘सर, थो पयले हमालच होता.’

त्याचे वडील बाजार समितीच्या आवारात पोती वाहतात, हे आम्हाला ठाऊक होते. त्या वाक्यानंतर आमचे हसू आम्हालाच टोचू लागले. म्हणून पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी या पात्राचा माग काढला. प्रथम अपराधाच्या भावनेने, आणि खरे सांगायचे तर पुढे निव्वळ कुतूहलाने.

ऑप्टिमस प्राइम हा ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या अमेरिकी कथामालिकेचा नायक. सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरच्या यंत्रजीवांतील ‘ऑटोबॉट’ पक्षाचा सेनापती. एरवी तो लाल-निळा ट्रक असतो, प्रसंगी उभा राहून मानवाकृती होतो. त्याचा प्रतिस्पर्धी मेगाट्रॉन. मुळात हे दोघे गोष्टीतले नव्हतेच. टाकारा या जपानी कंपनीच्या ‘डायाक्लोन’ मालिकेत हा ट्रक एक वाहन होता आणि त्यात बसायला इवलासा चालक असे. त्याला ना स्वभाव, ना भूतकाळ. हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने अशी खेळणी घेतली आणि 1984 मध्ये ती बाजारात आणताना त्यांना गोष्ट हवी म्हणून मार्व्हल या चित्रकथा प्रकाशनाकडे काम सोपवले. नायकाचे नाव डेनिस ओ’नील यांनी सुचवले, तर बहुतेक इतर पात्रांची नावे आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी घडवले. आधी देह तयार झाला, जीव नंतर आला.

आवाजाची कथा याहून लक्षणीय आहे. पीटर कलेन हे नट या पात्राच्या चाचणीला निघाले होते. एका ट्रकचे काम आहे, पण तो नायक आहे, असे त्यांनी आपल्या भावाला, लॅरीला, सांगितले. लॅरी व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक. नायक व्हायचे तर खरा हो, आरडाओरडा करू नकोस, सौम्य राहता येईल इतका बलवान हो, अशा आशयाचा सल्ला त्याने दिला. कलेन यांनी भावाचाच स्वर त्या यंत्राला दिला. खेळणे विकण्यासाठी रचलेल्या पात्रात एका थकलेल्या सैनिकाचा संयम असा शिरला. वाङ्मयात अशा वाटा आपल्याला अपरिचित नाहीत. आश्रयदात्यासाठी लिहिलेल्या ग्रंथातही कवीचे स्वतःचे दुःख उतरतेच.

येथून पुढे या पात्राला फाटे फुटत गेले. दोन मृत्यूच पाहा. ऑगस्ट 1986 मध्ये आलेल्या चित्रपटात ऑप्टिमस मेगाट्रॉनशी लढताना मरतो. कारण कथेत शोधू नये. जुनी खेळणी मागे सारून नवी पुढे आणायची होती, म्हणून जुन्यांना मारण्यात आले. पण चित्रपटगृहात मुले रडू लागली, पालकांच्या तक्रारी आल्या आणि 1987 मध्ये दूरचित्रवाणीवर त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. विकणाऱ्यांनी ज्याला माल समजले होते, त्याला पाहणाऱ्यांनी माणूस मानले होते.

दुसरा मृत्यू त्याच सुमाराच्या चित्रकथेतला, मार्व्हलच्या 24 व्या अंकातला. येथे ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन आपला झगडा संगणकावरील खेळात सोडवायचे ठरवतात. हरणाऱ्याने मरायचे. ऑप्टिमस जिंकतो, पण जिंकताना त्या खेळातल्या काही निरपराध आकृत्या त्याच्या हातून नष्ट होतात. त्या खोट्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही तो म्हणतो की आपण आपल्या तत्त्वाशी बेइमानी केली, म्हणून आपणच हरलो. आणि स्वतःला नष्ट करवून घेतो. वाचताना आम्हाला धर्मराजाचा रथ आठवला. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा तो रथ एका अर्धसत्याने खाली टेकला. धर्मराज तरी पुढे राज्य करतो. हा ट्रक मात्र तेवढ्यावरच थांबत नाही.

आता याच नावाचा आणखी एक नायक पाहा. 2007 पासून मायकेल बे या दिग्दर्शकाचे चित्रपट आले. ट्रकचे रूप बदलले, आवाज कलेन यांचाच राहिला, पण हळूहळू आतला माणूस पालटला. 2011 च्या चित्रपटात तो आपल्या जुन्या, फितूर झालेल्या गुरूला, जखमी होऊन विनवणी करत असताना, गोळी घालतो. 2014 च्या चित्रपटात माणसांवरचा त्याचा विश्वास उडालेला आहे आणि तो एका माणसाला ठार करतो. खेळातल्या आकृत्यांसाठी प्राण देणारा आणि शरण आलेल्याला मारणारा, हे दोघे एकच का? आवाज तोच, म्हणून फसगत अधिक.

चाहत्यांचे उत्तर असे की या वेगवेगळ्या कथाविश्वांतल्या वेगळ्या व्यक्ती आहेत, प्रत्येकीचा हिशेब वेगळा. व्यवहार म्हणून हे सोयीचे आहे. पण मग प्रत्येक वेळी नाव तेच का घेतात? मृत्युंजयातला कर्ण आणि व्यासांचा कर्ण निराळे, एवढे म्हणून आपले समाधान होत नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके एकाच वर्षी, 1967 मध्ये आली. एकीकडे तेजस्वी, अन्याय सोसणारा नायक, तर दुसरीकडे द्यूतसभेतले त्याचे वर्तन न विसरता केलेली चिकित्सा. 1973 मध्ये रणजित देसाईंची ‘राधेय’ आली. ही सगळी पुस्तके ‘कर्ण’ या एका नावाच्या हक्कासाठी चाललेला वाद आहेत. नाव सामायिक असते म्हणूनच तर वाद होतो.

या बाबतीत आमच्याच जिल्ह्याने मराठीला एक धडा देऊन ठेवला आहे. रिद्धपूर येथून फार दूर नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, त्या ज्यांनी अनुभवल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून जमवल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मूळ पोथी परचक्रात गेली आणि ग्रंथ पुन्हा स्मरणातून उभा राहिला, असे परंपरा सांगते. स्मरणे अर्थातच जुळेनात. तेव्हा महानुभाव लेखकांनी काय केले? एकच आठवण खरी ठरवून बाकीच्या पुसल्या नाहीत. निराळे स्मरण ‘वासना’ म्हणून शेजारीच नोंदवले. खेळण्यातला ट्रक आणि स्वामींची लीळा यांची तुलना आम्ही करत नाही, तसा प्रमाद आमच्या मनातही नाही. आम्ही बोलतो आहोत ते पाठभेदाकडे पाहण्याच्या रीतीविषयी. पाठभेद हा दोष नसून साक्ष असते. कोणी, कोठे उभे राहून, काय पाहिले याची साक्ष.

ही रीत ऑप्टिमसला लावली आणि विद्यार्थ्याचे ते वाक्य आम्हाला कळू लागले. प्रत्येक पाठात एक प्रश्न निराळ्या रीतीने सुटतो : हा सेनापती झाला कसा? 1985 च्या मालिकेतील एका भागात तो मुळात ओरायन पॅक्स नावाचा गोदी कामगार आहे. मालाची चढ-उतार करणारा, म्हणजे हमालच. मेगाट्रॉन त्याला गोळी घालून जातो आणि मरणाच्या दारातल्या त्या कामगाराला एक वृद्ध यंत्रज्ञ नवा देह देऊन सेनापती घडवतो. 2009 च्या चित्रपटात मात्र तो ‘प्राइम’ राजवंशाचा वारस आहे. नेतृत्व रक्तातून, म्हणजे तेलातून म्हणा, आलेले. 2005 ते 2018 या काळातील चित्रकथांत तो पोलीस अधिकारी होता आणि खाणकामगार होता तो मेगाट्रॉन, जो अन्यायाविरुद्ध लेख लिहीत असे. 2010 च्या मालिकेत तो दप्तरखान्यातला कारकून आहे. आणि 2024 च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ या चित्रपटात दोघेही खाणीतले मजूर आहेत. रूप पालटण्याची शक्ती त्यांच्यात नाही. ती नव्हतीच असे त्यांना सांगण्यात आले आहे. प्रत्यक्षात राज्यकर्त्याने ती त्यांच्याकडून जन्मतःच काढून घेतलेली असते. एकलव्याचा अंगठा निदान मोठेपणी, डोळ्यांदेखत मागितला गेला होता.

जन्माने की कर्माने, हा कर्णाचाच प्रश्न. तो इतक्या दूरच्या ग्रहावर, धातूच्या देहांत पुन्हा उभा राहावा याचे आश्चर्य वाटू नये. ‘रोबो’ या शब्दाच्या मुळाशीच तो आहे. कारेल चापेक या झेक नाटककाराच्या 1920 च्या नाटकातून हा शब्द जगात पसरला. तो सुचवला त्याचा भाऊ योसेफ याने. ज्या ‘रोबोता’ शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ वेठ, सक्तीचे श्रम. यंत्रमानव म्हणजे मुळात वेठबिगारच. तो सेनापती होतो, ही गोष्ट एका पोराला का आवडावी हे विचारण्याची आम्हाला गरज नव्हती.

आम्ही त्याला बोलावले. चूक कबूल केली. विषय मंजूर केला. मोठ्या मनाने त्याला एक सूत्रही दिले : ‘कोणत्या काळाला कसा नेता हवा होता, ते प्रत्येक पाठातून दाखव.’ हे सूत्र चुकीचे नव्हते. पण महिन्याभराने तो जे घेऊन आला, ते आमच्या सूत्राच्या पुढचे होते.

त्याने दाखवले की कामगार सेनापती होतो त्या क्षणी त्याचे जुने नाव मरते. ओरायन पॅक्स संपतो, ऑप्टिमस प्राइम उरतो. 2010 च्या मालिकेतला एक कथाभाग, 2012 सालचा, त्याने यासाठी घेतला होता. त्यात ऑप्टिमसची स्मृती जाते आणि तो पुन्हा ओरायन, पुन्हा कारकून होतो. आपण कधी सेनापती होतो हे त्याला आठवत नाही. मेगाट्रॉन त्याला फसवून कामाला लावतो आणि तो निमूट काम करतो. स्मृती परत येते, सगळे आनंदतात आणि मधल्या दिवसांतले ओरायनचे जगणे त्याला आठवत नाही. विद्यार्थ्याने समासात लिहिले होते, ‘दोघांना एकमेकांची ओळखच नाही.’ खाली कर्ण होता. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे सत्य सांगतो, ज्येष्ठ पांडवाचे स्थान देऊ करतो. कर्ण नाकारतो. ज्यांनी वाढवले ते अधिरथ आणि राधा हेच आपले आईबाप, म्हणतो. देसाईंनी कादंबरीला नाव दिले तेही याच नात्याचे.

आमच्या मनात आले, कर्णालाही त्याची किंमत मोजावी लागली. त्याचे इमान ज्या बाजूला होते ती बाजू अन्यायाची होती. म्हणजे जुने नाव राखणे हे आपोआप सत्कर्म ठरत नाही. हा आक्षेप आम्ही त्याच्यापुढे मांडला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, नाव राखायचं का सोडायचं हे त्याच्या हातात होतं. ओरायनच्या नव्हतं.’ यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

ज्या कथामालिकेचे हक्क एका कंपनीकडे आहेत, तिच्यातल्या पाठभेदांना म्हाइंभटांच्या परंपरेतल्या पाठभेदांची किंमत नाही, असे कोणी म्हणेल. म्हणू दे. नवे खेळणे विकायचे म्हणून नायक मारणाऱ्यांची साक्ष आणि स्वामींच्या विरहात आठवणी जुळवणाऱ्यांची साक्ष एका तागडीत घालता येत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण वाचणारा, पाहणारा कोठे उभा आहे, हेही तागडीत घालावे लागते. एका खोक्यातून आलेल्या गोष्टीत त्याने आपल्या बापाचे काम ओळखले. एवढे ओळखायला आम्ही त्याला तीन वर्षे शिकवत होतो, आणि त्याने ते ओळखले तेव्हा आम्ही हसलो होतो.

प्रकल्प जमा झाला. मुखपृष्ठावर, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, स्वतःचे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये वडिलांचे नाव त्याने पूर्ण लिहिले होते. आद्याक्षरावर भागवले नव्हते.